कुलूपसाहेबांचं थर्मामीटर

पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझा पासवर्ड विचारला, आणि मी तो सांगितला.

आजही आठवलं की कानशिलं तापतात. कांजूरमार्गच्या त्या औषध कंपनीत मी तपासणी विभागात नुकतीच रुजू झाले होते. जेमतेम खुर्चीत टेकले, तोच एक किडकिडीत, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर. म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर चालू करून देतो. पासवर्ड काय ठेवलाय?" मी मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल सांगून मोकळी झाले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलगी सातवीत का?"

मी हो म्हटलं.

"आता बदला," ते म्हणाले. "आणि पुन्हा कोणाला सांगायचा नाही. मी विचारला तरी नाही. मी विचारला तर आधी मला बाहेर काढा."

एवढं बोलून ते निघून गेले. कॉम्प्युटर चालू करून दिलाच नाही. मी तोंड उघडं टाकून बसले होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी खिदळत म्हणाली, "कुलूपसाहेब भेटले वाटतं? सगळ्यांना पहिल्या दिवशी असंच करतात. मी तर नवऱ्याच्या बँकेचापण सांगितलेला."

पाठीमागे त्यांना सगळे कुलूपसाहेब म्हणत. तोंडावर सर. कंपनीतल्या कॉम्प्युटरांची राखण हे त्यांचं काम. मला तेव्हा वाटायचं, औषधाच्या कंपनीत राखण करायची ती औषधाची. कॉम्प्युटरला कोण धरतंय? आमचं औषध म्हणजे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं एक इंजेक्शन. ते जिवाणूंकडून बनवून घ्यावं लागतं. मोठ्या स्टीलच्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवायचे, त्यांनी तयार केलेलं द्रव्य गाळून, शुद्ध करून, इवल्याशा बाटल्यांत भरायचं आणि थंड खोलीत दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवायचं. टाकीचं तापमान, थंड खोलीचं तापमान, तपासणीचे आकडे, सगळं कॉम्प्युटर बघतो. माणसं कॉम्प्युटर बघतात. बाहेरचा कोणी त्या कॉम्प्युटरात शिरला तर आमची कृती पळवू शकतो. नाहीतर काहीच पळवत नाही, एक आकडा बदलतो आणि गप्प बसतो. हे मला त्यांनीच समजावलं, आणि समजावण्याची त्यांची पद्धत भयंकर होती.

एकदा दिवाळीच्या आधी सगळ्यांना मेल आला, 'सुट्ट्यांची सुधारित यादी, इथे दाबा.' सुट्टी म्हटल्यावर कोण थांबतंय! आम्ही धडाधड दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही. मेल कुलूपसाहेबांनीच पाठवलेला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. कॅन्टीनच्या फळ्यावर एक कागद. कुलूपसाहेबांच्या गोल, टपोऱ्या अक्षरात वर लिहिलेलं, 'काल ज्यांनी चोराला दार उघडलं त्यांची नावं.' आणि खाली नावं, हुद्द्याप्रमाणे. सगळ्यात वर आमचे मोठे साहेब. त्यांच्याखाली चार डॉक्टरेटवाले. मी अकरावी. माझ्या हातातला वडापाव हातातच राहिला. मोठ्या साहेबांचं नाव असं भिंतीवर लावतात? हा माणूस उद्या नोकरीवर दिसणार नाही, असं आम्ही सगळे धरूनच चाललो.

ते दिसले. साहेबांनी बोलावून झापलं म्हणे, तर ह्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही किती सेकंदांत दाबलं ते पण लिहू का?" कागद आठवडाभर तिथेच होता.

यंत्रांना पेन ड्राइव्ह लावायच्या ज्या खाचा असतात, त्या त्यांनी लाखेने बंद केल्या होत्या. लाख म्हणजे खरी लाख, कोर्टाच्या पाकिटांवर असते ती, तांबडी. मेणबत्तीवर वितळवून खाचेत ओतायची आणि वर बोटाने दाबायचं. बोट भाजायचं, पण करायचे. एकदा यंत्र बनवणाऱ्या परदेशी कंपनीचा इंजिनिअर दुरुस्तीला आला. सुटाबुटातला, गोरापान, हातात पेन ड्राइव्ह. लाख बघून तो हसला आणि खिशातल्या किल्लीने खरवडायला लागला. कुलूपसाहेब कुठून आले कोण जाणे. त्यांनी त्याचं कोपर धरलं, त्याला अदबीने बाहेर नेलं, सुरक्षारक्षकाच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि पेन ड्राइव्ह तपासायला आत घेऊन गेले. दोन तास. पाहुणा घामाघूम. उत्पादनप्रमुख डोक्याला हात लावून फिरत होता, "वाट लावली यार ह्या माणसाने! तो तिकडे जाऊन काय सांगेल?" दोन तासांनी कुलूपसाहेब बाहेर आले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाहुण्याला म्हणाले की ह्यात एक किडा आहे, तुमच्या मागच्या गिऱ्हाइकाकडून आलाय, त्यांनाही फोन करा. पाहुण्याचा चेहरा पडला. आमचेही पडले. हसत होतो ना सगळे.

तुम्ही म्हणाल, मग एवढं झाल्यावर लोक त्यांना मानायला लागले असतील. छे. अशा माणसाला लोक मानत नाहीत, लोक त्याला टाळतात. कॅन्टीनमध्ये चहाचं नवं यंत्र आलं, मोबाइलवरून सांगितलं की कप भरून ठेवणारं. सगळ्यांना झकास वाटलं. ह्यांनी जाहीर केलं, "जे यंत्र आपल्या वायफायवर आहे त्याच्या हातचा चहा मी पीत नाही," आणि घरून थर्मास आणायला लागले. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करायचो, तर हे आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांच्या मागच्या बाजूला चिकटपट्ट्या मारून ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "कुंकू आत जातं मॅडम. मागच्या वर्षी एका यंत्राच्या पोटातून अर्धी वाटी काढलं." पूजेला ते स्वतः कधी नसायचे. दसऱ्याला घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. वर्षभरात तेवढीच रजा. बाकी ताप असो, बस बंद असो, मानखुर्दहून ते वेळेवर हजर.

मूळचे अकोल्याकडचे. आयटीआय करून वायरमन म्हणून आले. ही इमारत उभी राहत होती तेव्हा तिच्या भिंतींतल्या वायरी त्यांनी स्वतः ओढलेल्या. मग कॉम्प्युटर आले, तशा त्यांच्याही वायरी ओढल्या, आणि रविवारच्या रविवार क्लासला जाऊन बाकीचं शिकले. आमच्याकडे दर दुसऱ्या दारावर डॉक्टरेटची पाटी. ह्यांच्या दारावर पाटीच नव्हती. जिन्याखालची खोली, तिला आम्ही मीटररूम म्हणायचो, तिथे बसायचे. मीटिंगला त्यांना शेवटची खुर्ची, आणि बरेचदा ती चहावाल्याला वाट द्यायला सरकवावी लागे. मला तेव्हा ह्यात काही खटकलं नव्हतं. आता स्वतःचाच संताप येतो.

थर्मामीटरचं प्रकरण अशाच एका मीटिंगमधून निघालं. थंड खोलीचं यंत्र ज्या कंत्राटदाराने बसवलं होतं, त्याची माणसं तिकडे अंधेरीला बसून, तारेवरून आमच्या यंत्रात शिरून ते दुरुस्त करायची. सोय होती. एसी बिघडला की तासाभरात तिकडूनच बरा. कुलूपसाहेब म्हणाले, "ही लाइन तोडा. त्याला शिरता येतं म्हणजे त्याची किल्ली ज्याच्या हातात पडेल त्यालाही येतं." उत्पादनप्रमुख वैतागला, "मग बिघडल्यावर काय, तुम्ही पंखा मारणार का?" सगळे हसले. मीही. लाइन तुटली नाही.

दुसऱ्या दिवशी कुलूपसाहेबांनी प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका काचसामानाच्या दुकानातून साधं थर्मामीटर आणलं. काचेची नळी, आत लाल रेघ. थंड खोलीच्या मधोमध, फडताळाच्या कडेला सुतळीने टांगलं. शेजारी एक दोनशेपानी वही. रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला आत जायचं, डोळ्यांनी बघायचं, आकडा लिहायचा, सही करायची. दाराबाहेर भल्यामोठ्या पडद्यावर तापमान ढळढळीत दिसत असताना!

मी त्यांच्याशी भांडले. तपासणीवाल्यांचा धर्मच तो. ज्या उपकरणाचं प्रमाणपत्र नाही त्याचा आकडा आम्ही आकडा मानत नाही. मी म्हटलं, "सर, ह्या नळीची तपासणी कुणी केलीय? उद्या बाहेरचे तपासनीस आले तर माझी नाचक्की होईल."

ते म्हणाले, "मॅडम, हिला वायर नाही." एवढंच.

तपासनीसांना दिसू नये म्हणून मी ती वही त्यांच्या खोलीत ठेवायला लावली. थर्मामीटर तिथेच राहिलं. सुतळी ओली होऊन काळी पडली. दीड वर्ष ते रोज दोनदा आत गेले, आणि दीड वर्ष त्यांचा आकडा पडद्यावरच्या आकड्याशी बरोबर जुळला. आम्हाला त्यात त्यांचा वेडेपणा दिसत होता.

मग एका दसऱ्याला त्या वहीची आणि माझी गाठ पडली. ते नागपूरला निघाले होते आणि ते नसताना वहीत लिहिणारा त्यांचा सहायक आजारी पडला होता. खंडेनवमीला सकाळी पूजा झाली, पेढे वाटले गेले, यंत्रांना झेंडूच्या माळा. ते माझ्या टेबलाशी आले. वही दोन्ही हातांत धरलेली.

"मॅडम, उद्या सुट्टी आहे पण तुमची ड्युटी आहे, मी बघितलं. दहाला आणि पाचला तेवढं आत जाऊन बघाल? दुसऱ्या कुणाला देत नाही मी ही."

मी वरवर कुरकुरले, मनातून सुखावले. कुणावर म्हणून विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने माझ्यावर ठेवला होता. मी म्हटलं, "द्या सर. निर्धास्त जा."

दसऱ्याच्या सकाळी घरातून निघताना सासूबाई दारात आडव्या आल्या. आमचं घर भांडुपला, मूळ मालवणकडचं. "आज दसरो, आणि तू कामार चललंस गो? सोनां देवक पावणे येतले, तेंका मी काय सांगू?" मी म्हटलं, दोन तासांत येते. कंपनी ओस. दारावर एक सुरक्षारक्षक, यंत्रं सुरू ठेवणारे दोघं, आणि मी. दहाला जॅकेट अंगावर चढवून थंड खोलीपाशी गेले. पडद्यावर चार पूर्णांक पाच. आत गेले. सुतळीवरची लाल रेघ तेरावर.

मी नळीला टिचकी मारली. तेराच.

आता जे सांगते ते मी फार थोड्या लोकांना सांगितलंय. मला धक्का बसला नाही. शंकासुद्धा आली नाही. मला हसू आलं. मनात म्हटलं, झालं, बिघडलं कुलूपसाहेबांचं खेळणं. आल्यावर त्यांना कसं सांगायचं, वाईट वाटेल बिचाऱ्यांना. पडद्यामागचं यंत्र परदेशी, त्याला प्रमाणपत्र, त्याला गजर. गजर वाजलेला नव्हता. मी बाहेर आले आणि वहीत दहाच्या रकान्यात लिहिलं, ४.५. सही केली. मग घड्याळ बघितलं, घरचे पाहुणे आठवले, आणि पाचच्या रकान्यातही आत्ताच लिहून टाकलं, ४.५. पुन्हा सही. पडद्यावरचा आकडा काही बदलणार नाही, हे मला ठाऊक होतं ना. घरी गेले आणि आपट्याची पानं वाटली.

आत असताना मला जॅकेटची चेन लावावी लागली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नागपूरच्या गाडीतून उतरून थेट कंपनीत आले, बॅग खांद्यालाच. मी टेबलावर होते. ते थंड खोलीतून बाहेर आले ते माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत उभे राहिले.

"आत तेरा आहे," ते म्हणाले.

पडद्यावर चार पूर्णांक पाच होते.

पुढचा तासभर मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. उत्पादनप्रमुख धावत आला, आत गेला, बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. गार खोलीतून घाम पुसत बाहेर येणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. थंडाव्याचं यंत्र तेरा अंशांवर लावलेलं होतं. पडदा मात्र चार पूर्णांक पाच दाखवत होता. एक दशांशही हलत नव्हता, आणि दार सताड उघडं धरलं तरी हलला नाही. कुलूपसाहेबांनी आपल्या खोलीत जाऊन नोंदी उघडल्या. कोणीतरी कंत्राटदाराच्या लाइनवरून आत शिरलं होतं. यंत्र तेरावर नेऊन ठेवलं होतं, गजर मुका केला होता, आणि पडद्यावर एक खोटा आकडा चिकटवून ठेवला होता. मागच्या नोंदीही पुसून त्यांच्या जागी चार पूर्णांक पाचच्या रांगा लिहून ठेवल्या होत्या. कोण होते, कुठल्या गावात बसून केलं, कशासाठी केलं, ते आजतागायत कळलेलं नाही. कुणा अनोळखी माणसाने आमची सुट्टी हेरली, आमच्या खोलीत डोकावून बघितलं आणि मुलांची औषधं उबेला ठेवून दिली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. असं माणसं करतात?

दुपारी मोठ्या साहेबांकडे मीटिंग. खोलीत बाटल्यांचा अख्खा लॉट होता, तपासणी झालेला, दुसऱ्या दिवशी इस्पितळांकडे जायचा. हे औषध उबेला राहिलं तर त्याचा रंग बदलत नाही, वास येत नाही. नुसती ताकद उतरत जाते. आज तपासलं तर पासही होईल, आणि चार महिन्यांनी एखाद्या मुलाला टोचलं जाईल तेव्हा निम्मं पाणी असेल. आमचा नियम असा की औषध एका दिवसाच्या आत पुन्हा थंडीत गेलं तर चालतं. त्याहून जास्त गेलं की लॉट फेकायचा. तेव्हा प्रश्न एकच होता. खोली गरम कधीपासून होती?

यंत्र सांगू शकत नव्हतं. सगळे कुलूपसाहेबांकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना टेबलाच्या पुढच्या बाजूची खुर्ची दिली. त्यांनी वही उघडून मधोमध ठेवली.

"दसऱ्याला सकाळी दहाला साडेचार. संध्याकाळी पाचला साडेचार. आज सकाळी नऊला तेरा. म्हणजे कालच्या पाचच्या नंतर केव्हातरी."

"म्हणजे दिवसाच्या आत," साहेब म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "नक्की ना? ही वही काही अधिकृत नाही, पण आत्ता आपल्याकडे दुसरं काही नाहीये."

"मॅडमच्या अक्षरात आहे," कुलूपसाहेब म्हणाले. "त्यांनी स्वतः आत जाऊन बघितलंय. मी सही करतो ह्याच्यावर."

आणि त्यांनी केली. लॉट सोडायच्या कागदावर, न वाचता. मेल आला तर तो तीनदा वाचणारा, चहाच्या यंत्राला संशयित धरणारा माणूस, आणि माझ्या साडेचारवर त्याने डोळे मिटून सही केली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होय म्हणून. नोकरी, मुलगी, भांडुपचं घर, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, असं आता म्हणता येईल. खरं म्हणजे डोळ्यांपुढे काहीच नव्हतं. मी नुसती भ्याले.

लॉट दुसऱ्या खोलीतल्या थंडीत हलवून झाला आणि गाडी एक दिवस आधीच भरायला घेतली; इथे ठेवायलाच नको, असं साहेबांचं म्हणणं. मी खाली गेले. बर्फाच्या पिशव्या लावलेले खोके गाडीत चढत होते. खोक्यांवर इस्पितळांची नावं आणि लहान मुलाचं चित्र. ते चित्र मी रोज बघत होते. त्या दिवशी मला ते बघवेना. मी तिथून जिन्याखालच्या खोलीत गेले.

ते स्टुलावर बसले होते. बॅग उघडून त्यातून एक पुडा काढत होते.

"या मॅडम. तुमच्याकडेच येत होतो." पुडा माझ्यापुढे धरला. "संत्रा बर्फी. नागपूरची. सणाच्या दिवशी घरचं सोडून तुम्ही दोनदा आत गेलात. माझ्यासाठी इतकं कोण करतं इथं?"

त्यांनी दोऱ्याची गाठ सोडायला घेतली आणि मला रडू फुटलं. मी म्हटलं, "सर, मी दोनदा गेले नाही. एकदाच गेले. आणि तेव्हा तेरा होतं."

त्यांच्या हातातला दोरा तसाच राहिला. माझ्याकडे ते असे बघत होते की मला भिंतीत शिरावंसं वाटलं. मग उठले आणि पळाले. त्या माणसाला पळताना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. पन्नाशीचा माणूस, एक चप्पल जिन्याशी निसटली ती तिथेच टाकून, आवारातून ओरडत पळत गेला, "थांबवा! गाडी थांबवा! गेट लावा!" गाडीचं इंजिन सुरू झालेलं होतं. सुरक्षारक्षकाने दांडा खाली घेतला. ड्रायव्हर शिव्या घालत उतरला. कुलूपसाहेब गाडीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे होते, धापा टाकत, एका पायात चप्पल.

खोके उतरवले गेले. मोठे साहेब मला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. लॉट फेकायचा ठरला. इस्पितळांना कळवून जुना साठा फिरवायची धावपळ सुरू झाली. कंत्राटदाराची ती लाइन त्याच दुपारी तोडली. कुलूपसाहेबांनी स्वतः, कात्रीने.

मग त्यांनी मला पुन्हा खाली बोलावलं. वही उघडी होती.

आमच्या कामात चुकीचा आकडा खोडता येत नाही. पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खरा आकडा, तारीख, सही. मी साडेचारवर रेघ मारली आणि तेरा लिहिलं. पाचच्या रकान्यातल्या साडेचारवर रेघ मारली आणि लिहिलं, 'पाहिले नाही'. दोन्हीकडे सही केली. माझी सही मला ओळखू येत नव्हती.

"काहून केलं असं?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे. चिडले की ते वऱ्हाडीवर येत नसत, दुखलं की येत.

"मला वाटलं थर्मामीटर बिघडलंय."

"दीड वर्ष एक दिवस चुकलं नाही ते. तुमच्यासमोर रोज जुळत होतं." मग अगदी हळू म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. तुम्हाला थर्मामीटर खोटं वाटलं, की मी?"

मला वाटतं, आयुष्यात एवढा धक्का मला कुठल्या प्रश्नाचा बसलेला नाही. कारण उत्तर मला लगेच कळलं. तेच थर्मामीटर आमच्या पाटीवाल्या डॉक्टरांपैकी कुणी टांगलं असतं, तर तेरा बघून मी किंचाळत बाहेर आले असते. सुतळी मला दिसली नव्हती. सुतळी बांधणारा दिसला होता. जिन्याखालचा, आयटीआयवाला, ज्याची खुर्ची चहावाल्यासाठी सरकवतात तो.

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही."

त्यांनी मान डोलावली. टेबलावर घटनेच्या अहवालाचा कोरा कागद होता. 'मूळ कारण' ह्या रकान्यात त्यांनी कंत्राटदाराच्या लाइनचं लिहून ठेवलं होतं. खाली तीन ओळी रिकाम्या होत्या. खिशातलं एक पेन काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"मग तेही लिहा," ते म्हणाले. "नाहीतर अहवाल अर्धा राहतो."

मी लिहिलं. 'थर्मामीटर बरोबर होते. नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याने ते लावणाऱ्या माणसाला आपल्या बरोबरीचे मानले नाही, म्हणून पाहिलेला आकडा नोंदवला नाही.' खाली माझं पूर्ण नाव. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावून ते वाक्य काढायला सांगितलं; म्हणाले, तपासनीस हे वाचून काय म्हणतील, तुझीच बदनामी होईल. मी काढणार नाही म्हटलं. नोकरी जाईल असं वाटत होतं, तरी म्हटलं. तो अहवाल तसाच दप्तरी लागला आणि नोकरीही राहिली.

कुलूपसाहेबांनी मात्र मी लिहिलं तेव्हाच कागद माझ्या हातातून घेतला, खिडकीच्या उजेडात धरून वाचला, आणि म्हणाले, "आता बरोबर आहे."